मोठी बॅटरी घ्यायच्या आधी: मनोरीच्या खाडीतली बोयींची टाकी

"सव्वीस अँपिअर-अवरची बॅटरी कयाकवर चालेल का रे?" दादाचा फोन एवढ्यावरच सुरू झाला.

दादा म्हणजे माझा मोठा मावसभाऊ. राहायला बोरिवलीत, आणि रविवारी पहाटे कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती होडी, घेऊन मनोरीच्या खाडीत गरवायला. त्याचा जीव जिताड्यात अडकलेला आहे. जिताड्याला आमिष म्हणून जिवंत बोय (खाडीतला छोटा मासा) लावायची, ती गरीवर पोहत राहिली पाहिजे, मेलेल्या बोयीकडे तो मासा सहसा बघत नाही. म्हणून त्याने कयाकच्या मागच्या खोलगट भागात निळ्या प्लास्टिकच्या पिंपाची ३० लिटरची टाकी बसवली होती. खाडीचं पाणी पंपाने आत, वरच्या भोकातून बाहेर. पंप १२ व्होल्टचा, होडीतलं साचलेलं पाणी उपसायला वापरतात तो, ताशी ५०० गॅलनचा. बॅटरी म्हणजे यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप).

तक्रार अशी: दोन तासांत बॅटरी बसते आणि बोयी मरतात. मुळात दोन तास त्याला पुरतच नाहीत. बोयी पागाने, म्हणजे फेकायच्या जाळ्याने, पकडायच्या त्या सुकतीला, पाणी उथळ झाल्यावर, सकाळी सहाच्या सुमारास. जिताडा गरीला येतो तो भरतीच्या शेवटच्या टप्प्यात, तिवरांच्या मुळांपर्यंत पाणी चढल्यावर. सुकतीपासून पूर्ण भरतीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्तच वेळ जातो. म्हणजे बोयी टाकीत पाच-सहा तास तगल्या पाहिजेत. त्यातला अर्धा वेळही पंप चालत नव्हता.

माझं काम इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्तीचं. अशी तक्रार घेऊन माझ्याकडे रोज कोणीतरी येतं आणि प्रत्येकाला मोठी बॅटरी हवी असते. दादालाही तीच हवी होती. पण २६ अँपिअर-अवरच्या सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं वजन आठ-नऊ किलो भरतं. पंपाच्या शेजारी, टाकीतल्या ३० किलो पाण्यासकट, ते सगळं कयाकच्या शेपटीकडे. मी त्याला म्हटलं, "दादा, घेऊ नकोस. पुढच्या रविवारी गच्चीवर पंप, बॅटरी, नळी, तारा सगळं आण. जसं लावतोस तसंच आण, काही साफ करू नकोस."

साफ करू नकोस हे मुद्दाम सांगितलं होतं. कारण निम्मे दोष त्या घाणीतच सापडतात.

गच्चीवर पाण्याचं पिंप भरलं, त्यात पंप सोडला आणि नळीचं तोंड पाण्याच्या पातळीपासून ५५ सेंटीमीटरवर धरलं. कयाकवर टाकीच्या तोंडापर्यंत पाणी तेवढंच चढतं. मल्टिमीटर १० अँपिअरच्या मापावर ठेवून तारेत सिरीजमध्ये लावला. (ज्यांच्याकडे क्लॅम्प मीटर आहे त्यांनी एक बघावं: साधा स्वस्त क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतो. बॅटरीवर तो शून्यच दाखवतो आणि माणूस समजतो की पंप काही खातच नाही. डीसी मोजणारा वेगळा मागून घ्यावा लागतो.)

करंट निघाला २.४ अँपिअर. बॅटरीच्या टोकांवर १२.२ व्होल्ट, पंपाच्या तारेपाशी ११.४. मधले ०.८ व्होल्ट कुठे गेले? तार लांब नव्हती, बारीकही फारशी नव्हती. दोष होता मगरचिमट्यांत. खाऱ्या पाण्याने त्यांच्या दातांवर हिरवा थर चढला होता आणि जवळजवळ दोन वॅट तिथेच उष्णता होऊन वाया जात होते. हात लावला तर चिमटा कोमट लागत होता.

मग बादली. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते मोजलं: ४० सेकंद. म्हणजे मिनिटाला १५ लिटर, तासाला ९००. पंपावर लिहिलेले ५०० गॅलन म्हणजे जवळजवळ १,८९० लिटर होतात, पण तो आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना मिळणारा असतो. उंची आणि अर्ध्या इंचाची नळी आली की तो निम्म्यावर येतो, हे ठीकच आहे. मला खटकलं ते दुसरंच. टाकी ३० लिटरची, आणि पाणी मिनिटाला १५ लिटर. टाकीतलं सगळं पाणी दर दोन मिनिटांनी बदलत होतं! बोटाएवढ्या बोयी त्या प्रवाहाविरुद्ध सतत पोहत असणार. बॅटरी संपायच्या आधीच त्या दमत होत्या.

"तू त्यांना नदीच्या पुरात ठेवलंयस," मी म्हणालो. दादाला ते पटलं, कारण टाकीत बोयी एका कोपऱ्यात गच्च दाटून राहतात हे त्याने स्वतः पाहिलं होतं. त्याला वाटायचं घाबरतात म्हणून.

आता इथे थोडं गणित करावंच लागेल, कारण या प्रकरणाचा सगळा जीव त्यात आहे. मिनिटाला १५ लिटर पाणी ५५ सेंटीमीटर वर चढवायला प्रत्यक्ष काम लागतं ते सुमारे १.३५ वॅटचं. बॅटरीतून जात होते २९ वॅट. आणि आपल्याला खरंच किती पाणी हवं होतं? टाकीतलं पाणी दर दहा मिनिटांनी एकदा पूर्ण बदललं तरी पंधरा बोयींना भरपूर, असं आम्ही ठरवलं. म्हणजे मिनिटाला ३ लिटर. तेवढं पाणी तेवढंच वर चढवायचं काम पाव वॅटच्या जरा वर, ०.२७ वॅट. पाव वॅटच्या कामासाठी २९ वॅट जात होते, आणि उपाय म्हणून दादा आणखी आठ किलो शिसं कयाकवर चढवायला निघाला होता.

बॅटरीचीही बाजू सांगायला हवी. तिच्यावर ७ अँपिअर-अवर लिहिलेलं असतं ते २० तासांच्या हिशेबाने, म्हणजे ०.३५ अँपिअर सावकाश काढत राहिलात तर. २.४ अँपिअरने ओढलीत तर नवी कोरी बॅटरीसुद्धा पाचच्या आसपास देते, दोन तास, फार तर थोडं वर. दादाला बॅटरी खराब निघाली असं वाटत होतं. ती तिच्या परीने प्रामाणिकच होती. शिवाय दर रविवारी तळाला जाईपर्यंत वापरल्याने तिचं आयुष्य झपाट्याने कमी झालं होतं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली नेऊ नये, म्हणजे ती टिकते.

पहिला प्रयत्न आम्ही होता तोच पंप हळू चालवण्याचा केला. गोल फिरून पाणी फेकणाऱ्या पंपाचा एक गुण आहे: वेग निम्मा केला तर पाणी साधारण निम्मं येतं, पण लागणारी शक्ती एक अष्टमांशाकडे झुकते. मोटरमधलं घर्षण, कार्बन ब्रश वगैरे धरून प्रत्यक्षात इतकी बचत होत नाही, तरी बरीच होते. व्होल्टेज कमी करायला काही जण सिरीजमध्ये बल्ब लावतात. पंप हळू होतो खरा, पण उरलेली ऊर्जा बल्बमध्ये जळते. बॅटरीला त्याचा अर्धाच फायदा. त्याऐवजी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सहज मिळतं ते छोटं स्टेप-डाउन मॉड्यूल लावलं.

६ व्होल्टवर पाणी नळीच्या तोंडाशी येऊन नुसतं थरथरलं. याचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. वेग निम्मा झाला की पंप पाणी किती उंच ढकलू शकतो ती मर्यादा चौथ्या हिश्शावर येते, आणि टाकीची उंची मात्र ५५ सेंटीमीटरच राहते. ती काही कमी होत नाही. ७ व्होल्टवर पाणी नीट आलं, मिनिटाला ५ लिटर. पंप आता १.०५ अँपिअर घेत होता, पण मॉड्यूलच्या अलीकडे, बॅटरीच्या तारेत, करंट फक्त ०.७२ अँपिअर. २.४ वरून ०.७२. एवढ्यावर थांबलो असतो तरी दादाचं काम झालं असतं, आणि ज्यांच्याकडे असाच पंप पडून आहे त्यांनी इथे थांबायला माझी काहीच हरकत नाही. मॉड्यूल मात्र पाण्यापासून पूर्ण झाकलेलं हवं. खाऱ्या हवेत त्याची उघडी पट्टी फार दिवस तग धरत नाही.

पण मला ते आणखी एक गंजणारं यंत्र कयाकवर नको होतं. म्हणून लॅमिंग्टन रोडवरूनच छोटा ब्रशलेस पंप आणला. मुठीत मावणारा, १२ व्होल्ट, चार-साडेचार वॅटचा, ताशी २४० लिटर देणारा आणि फार तर ३ मीटर उंच पाणी चढवणारा. कारंजी आणि सोलरच्या कामात हे पंप बरेच वापरतात. यात मोटरची गुंडाळी इपॉक्सीत पूर्ण बंद असते आणि पाणी फेकणारं चक्र चुंबकावर फिरतं. शाफ्ट बाहेर येत नाही, त्यामुळे झिजून पाणी आत शिरायला सील नाही आणि घासायला कार्बन ब्रशही नाहीत. खाऱ्या पाण्यासाठी हे फार मोलाचं.

बादली तीन मिनिटांत भरली. मिनिटाला सव्वातीन लिटरच्या जरा वर. करंट ०.३५ अँपिअर. मी मीटर दादाकडे वळवला. तो जरा वेळ आकड्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे माझी जुनी साइझच पुरली असती?" पुरली असती. ०.३५ म्हणजे नेमका तोच करंट, ज्याच्या हिशेबाने ७ अँपिअर-अवर हा आकडा छापलेला असतो. सहा तासांच्या फेरीला २.१ अँपिअर-अवर. नव्या सात अँपिअर-अवरच्या बॅटरीचा तिसरा हिस्सासुद्धा नाही.

मध्ये टायमरची कल्पनाही येऊन गेली. एक मिनिट चालू, दोन मिनिटं बंद, अशी. जुन्या पंपावर ती करून पाहिली आणि एक गोष्ट शिकलो. दादाच्या नळीचं तोंड टाकीत पाण्याखाली बुडलेलं होतं. पंप थांबला की पाणी त्याच नळीतून उलटं खाडीकडे निघालं, सायफन होऊन. टाकी निम्मी रिकामी झाली असती. तेव्हापासून नळीचं तोंड पाण्याच्या वर आहे आणि त्याला बारीक भोकांची आडवी पीव्हीसी नळी लावली आहे. पाणी फवाऱ्यासारखं पडतं, पडताना हवा घेऊन जातं. टायमर मात्र काढला. ०.३५ अँपिअरमधून आणखी वाचवून काय करायचं? समुद्राचं पाणी ३० अंशांवर असेल तर पूर्ण भरल्यावरही त्यात लिटरमागे सहा-सव्वासहा मिलिग्रॅमच प्राणवायू मावतो, आणि थंड पाण्यापेक्षा गरम पाण्यात तो नेहमीच कमी असतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात निळ्या पिंपातलं थांबलेलं पाणी किती लवकर तापतं ते हात घालून बघावं. पंप चालू राहण्याचा मोठा फायदा टाकी खाडीइतकीच थंड राहण्यात आहे. झाकणही आम्ही पांढरं केलं.

बॅटरी शेवटी नवी घ्यावीच लागली, कारण जुनी मेली होती. इथे वजनाचा विचार केला. ७ अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड दोन-अडीच किलोची असते. ६ अँपिअर-अवरची लिथियम फेरो-फॉस्फेट पाऊण किलोच्या आसपास, आणि ती जवळजवळ पूर्ण वापरता येते. किंमत जास्त पडली. दादाने ती दिली, मी आग्रह केला नव्हता. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत १३ च्या आसपास टिकतं, त्यामुळे पाण्याची धार पहिल्या तासात जशी तशीच पाचव्या तासात. लेड-अ‍ॅसिडमध्ये पंप बंद पडायच्या बराच आधी मंदावतो आणि मासे तेव्हापासूनच गुदमरायला लागतात. दादाला वाटायचं बोयी बॅटरी संपल्यावर मरतात. त्या आधीपासूनच मरायला लागलेल्या होत्या.

लिथियम घेताना दोन गोष्टींवर मी अडून बसलो. एक, चार सेलची लिथियम फेरो-फॉस्फेटच, आत बीएमएस (सेल जपणारं सर्किट) असलेली. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून बांधलेले पॅक बाजारात मिळतात, ते पाण्यावर न्यायचे नाहीत. दोन, तिचाच चार्जर, १४.६ व्होल्टला थांबणारा. लेड-अ‍ॅसिडच्या काही चार्जरांत सल्फेट झाडण्यासाठी जास्त व्होल्टचे झटके देण्याची सोय असते, ती या बॅटरीला घातक. ठेवण्याची रीतही उलटी आहे: लेड-अ‍ॅसिड कायम पूर्ण चार्ज करून ठेवायची, लिथियम बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्मी भरलेली ठेवायची.

मला विचारतील म्हणून सांगतो, मोबाइलच्या पॉवर बँकेवर हा पंप चालेल का? ऊर्जेच्या हिशेबाने चालेल. १०,००० मिलिअँपिअर-अवरच्या पॉवर बँकेत ३७ वॅट-अवर असतात, व्होल्टेज वाढवताना जाणारे धरूनही सहा-सात तास निघतात. पण ती खाऱ्या पाण्यासाठी केलेली नसते. वर ५ चे १२ व्होल्ट करणारं यंत्र, त्याचे यूएसबीचे जोड. पहिल्याच लाटेत यातला एखादा जोड जाईल. मी ते करणार नाही, दुसऱ्याला सांगणारही नाही.

तारांचं काम आम्ही दोघांनी एका संध्याकाळी केलं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम तेच. मगरचिमटे फेकले. कल्हई केलेली तांब्याची तार घेतली, जोड सोल्डर केले, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी बसवली. बॅटरीच्या धन टोकापासून हातभराच्या आतच २ अँपिअरचा फ्यूज, गाडीत असतो तसा पात्याचा. खाऱ्या पाण्यात शॉर्ट झाला तर लिथियम बॅटरी तार लाल करण्याइतका करंट देऊ शकते, म्हणून फ्यूजशिवाय कयाक पाण्यात ढकलायची नाही, असं मी दादाला दम देऊन सांगितलं. बॅटरी स्वयंपाकघरात असतो त्या चारही बाजूंनी कड्या लागणाऱ्या डब्यात, तारा बाहेर काढायला ग्लँड, म्हणजे तारेभोवती घट्ट बसणारं पाणीबंद बूच. चार्ज करताना डबा उघडा ठेवायचा. लेड-अ‍ॅसिड असेल तर हे अगदी सक्तीचं, कारण तिच्यातून हायड्रोजन निघू शकतो.

पंपाच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी लावली होती, ती पहिल्याच फेरीत गाळाने आणि प्लास्टिकच्या चिंध्यांनी बुजली. ब्रशलेस पंपाचं बेअरिंग पाण्यावरच वंगण मिळवतं. कोरडा फिरला तर लवकर झिजतो. मग पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेतला, सगळीकडून भोकं पाडली, त्यावर जाळी गुंडाळली आणि पंप आत बसवला. जाळी तीच, पण तिचं क्षेत्रफळ पुष्कळ वाढलं. एका बाजूला पिशवी चिकटली तरी दुसरीकडून पाणी येतं.

आणखी एक गोष्ट मनोरीच्या एका कोळी काकांनी सांगितली, जी माझ्या मीटरला कधीच कळली नसती. दादा त्यांच्या होडीशेजारी कयाक लावतो. काकांनी टाकी पाहिली, पाण्याचा फवारा पाहिला आणि म्हणाले, "पानी कुठलं घेतोस? सुकतीचं पानी नाल्याचं असतं." दहिसर नदी या खाडीतच येऊन मिळते आणि तिच्याबरोबर शहराचं सांडपाणीही. ओहोटीच्या शेवटी खाडीत उरतं त्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. नेमक्या त्याच वेळी दादा बोयी पकडून टाकीत टाकतो! मोकळ्या खाडीत बोय ते सहन करते, हवं तिकडे निघूनही जाते. तीस लिटरमध्ये पंधरा जणी दाटल्यावर तिला जागाच उरत नाही.

म्हणून आता पहिला तासभर पंप टाकीतच बुडवून ठेवतो. तेच पाणी फवाऱ्याने फिरतं आणि हवा घेत राहतं. सोबत सेलवर चालणारा छोटा एअर पंप आणि त्याच्या नळीला बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड. भरती लागून बाहेरून समुद्राचं स्वच्छ पाणी आत यायला लागलं की पंप खाडीत सोडायचा. नुसत्या बुडबुड्यांवर पूर्ण वेळ काढता येणार नाही. त्यांनी प्राणवायू मिळतो, पण माशांचा अमोनिया टाकीतच साचतो आणि पाणीही तापत राहतं.

काकांनी दुसरंही दाखवलं. नांगर टाकून एकाच जागी बसायचं असेल तर भोकांची झाकणाची टोपली बाजूला पाण्यात सोडायची, बोयी तिच्यात ठेवायच्या. पाणी आपोआप खेळतं आणि एक वॅटही लागत नाही. वल्हवताना टोपली ओढली जाते, बोयी आपटतात, तेव्हा टाकी हवीच. पण दादा आता तिवरांच्या कडेला नांगर टाकला की टोपली सोडतो आणि पंप बंद करतो.

पहिल्या पूर्ण फेरीला मीही त्याच्या मागे काकांच्या होडीत होतो. पहाटे साडेपाचला निघालो, बाराला परतलो. त्या दिवशी टोपली मुद्दाम सोडली नाही, पंप साडेसहा तास सलग चालवला. लिथियमचं व्होल्टेज बघून किती उरलं ते कळत नाही, म्हणून घरी आल्यावर चार्जरच्या तारेत मीटर लावून परत किती गेलं ते मोजलं: २.३ अँपिअर-अवर. बॅटरीत निम्म्याहून जास्त शिल्लक होतं. पंधरातल्या दोन बोयी मेल्या, त्याही पागात खवले गेलेल्या. उरलेल्या शेवटपर्यंत टाकीभर पसरून पोहत होत्या, कोपऱ्यात दाटल्या नव्हत्या.

जिताडा त्या दिवशी आला नाही. तांबोशी आली, सव्वा किलोची, शेवटच्या तासात, जिवंत बोयीवर. परत आल्यावर दादाने आधी पंप उघडला, चक्र बाहेर काढून गोड्या पाण्याने धुतलं, त्याच्या चुंबकाला चिकटलेली लोखंडाची बारीक काळी रेती अंगठ्याने पुसली, आणि मगच मासा साफ करायला घेतला.